मंगलाष्टकाला बेस लागत नाही

"ताई, दोन तारा तुटल्यात का वो?"

हा प्रश्न मला आजवर इतक्या मांडवांत विचारला गेलाय, की आता मी खरं उत्तर देणं सोडून दिलंय. सुरुवातीला समजावून सांगायचे, की बाबा रे, ही बेस गिटार. हिला तारा चारच असतात, जाड असतात, आणि गाण्याचा खालचा आवाज ही धरते. समोरचा शहाण्यासारखी मान हलवायचा आणि शेजारच्याला सांगायचा, "बिचारीच्या दोन तारा तुटल्यात, तरी वाजवती." आता कुणी विचारलं की म्हणते, व्हय, तुटल्यात, तुमच्याकडं हायत का जादाच्या? मग तो खिसे चाचपत निघून जातो.

मी बीड जिल्ह्यातली कामाची बेसवादक आहे. कामाची म्हणजे लग्न, हळद, जयंती, जत्रा, नवरात्र, दुकानाचं उद्घाटन, पुढाऱ्याचा वाढदिवस, जिथं मांडव तिथं मी. पंधरा वर्षं झाली. आणि तोंडावर सांगते, मला चांगलं वाजवता येतं. बाईमाणसानं असं म्हणू नये, ‘शिकते आहे अजून’ म्हणावं, असं मला दोनतीन जणांनी सुचवून पाहिलं. पण एकाही पुरुष वादकाला ‘शिकतोय अजून’ म्हणताना मी ऐकलेलं नाही, आणि त्यातल्या काहींनी तर खरंच अजून शिकायला हवं होतं.

आमचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि गुढीपाडव्याच्या आसपास परतायचे. ते पाचसहा महिने मी शाळेसाठी उमापूरला मामाकडं. मामा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचा आणि बीडच्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड. त्या ऑर्केस्ट्रातला बेसवाला पुण्याला कंपनीत लागला आणि जाताना आपली गिटार मामाकडं ठेवून गेला. नंतर नेतो म्हणाला. तो काही आला नाही. त्याची गिटार धान्याच्या कोठीमागं खुंटीला टांगलेली होती आणि मामी दर सणाला घर झाडताना म्हणायची, "ह्याचं जळन तरी करा."

मी नववीत होते. गिटार खाली काढली तेव्हा वजनानं मीच वाकले. नाकापेक्षा मोती जड, मामी म्हणाली, आणि हसली. मला राग आला. रागाच्या भरात केलेल्या गोष्टी मी सहसा सोडत नाही, हा माझा स्वभाव आहे. त्या दिवशी मामी हसली नसती तर मी आज कदाचित कुठंतरी अंगणवाडीत असते.

बेस गिटारीला स्पीकर लागतो. तो आमच्याकडं नव्हता. नुसती तार छेडली तर शेजारी बसलेल्याला ऐकू यायचं नाही. चार दिवस मी जवळजवळ बहिऱ्यासारखीच बोटं चालवली. मग एकदा दमून गिटारीचा शेंडा कोठीला टेकवला आणि तार ओढली, तर अख्खी कोठी बोलली. पत्र्याची, माणूसभर उंच, तळाशी दोन पायल्या ज्वारी उरलेली. तो आवाज माझ्या कानात शिरला नाही, दातांत शिरला. मी पुन्हा वाजवलं. मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "कोठीत घुशी शिरल्या का काय बगा!"

त्यानंतर दोन वर्षं मी कोठीला टेकूनच शिकले. त्यात एक गंमत होती. कोठी रिकामी असली की आवाज मोकळा, आणि शाळू निघून कोठी भरली की ठप्प, भिंतीवर वाजवल्यासारखा. सगळं गाव ज्वारी घरात आल्यावर खुश असायचं, मी एकटी तोंड पाडून बसायची. मामाच्या हे लक्षात आल्यावर तो एवढा हसला की त्याला ठसका लागला.

मामानं शिकवलं पेटीवरून. इंग्रजी अक्षरं त्याला ठाऊक नव्हती. पेटीच्या पट्ट्या मोजायच्या, पांढरी एक, पांढरी दोन, काळी एक, काळी दोन. त्या हिशेबानं माझ्या चार तारा म्हणजे जाडीकडून तीन, सहा, दोन, पाच. सगळ्या पांढऱ्या. हे चार आकडे मी पाढ्यासारखे पाठ केले. पुढं पुण्याला एकदा रेकॉर्डिंगला गेले तेव्हा तिथला संगीतकार म्हणाला, ई मायनर. मी विचारलं, "पांढरी तीनचा का?" काचेपलीकडं सगळे हसले. मी पहिल्याच झटक्यात सगळं गाणं वाजवून दिलं, एकही चूक नाही, तेव्हा हसणं थांबलं. निघताना तोच मला विचारत होता, की काळी चार म्हणजे नेमकी कुठली.

पण मामानं दिलेली मोठी गोष्ट ती नव्हे. मोठी गोष्ट म्हणजे माणसामागं चालणं. भजनात कुणी पट्टी विचारत नाही. ज्याला अभंग सुचला तो डोळे मिटून आपल्या गळ्याला येईल तिथून उचलतो, आणि पेटीवाल्यानं त्याला दोन मात्रांत गाठायचं. "त्याला आपल्याकडं बोलवायचं न्हाई," मामा म्हणायचा, "आपुन त्याच्याकडं जायचं. आन् गेलो ते कुनाला कळू द्यायचं न्हाई." वाजवणारे पुष्कळ असतात, असं जाणारे कमी. मी जाते, म्हणून मला काम मिळालं.

पहिल्यांदा मला ऑर्केस्ट्रात मामानंच नेलं. मालकाला सांगितलं, बेसला माणूस आणलाय. मालक म्हणजे ऑर्केस्ट्राचा मालक, पांढरा शर्ट, कपाळाला गंध, आवाज असा की माइक नसला तरी चालावं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मामाला विचारलं, "ही?"

"ही."

"वाजवंल?"

"मला कावून इचारता? तिला सांगा वाजवायला."

मी वाजवलं. मालकानं होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हणाला, परवा सकाळी आठला गाडी निघते. आमच्या धंद्यात नेमणूक अशीच होते. त्या एका वाक्यानंतर मी दहा वर्षं त्या गाडीत होते.

ती दहा वर्षं सगळी सांगत बसले तर पुस्तक होईल. एक मात्र सांगते. आमच्याकडं कुठलाही कार्यक्रम सत्काराशिवाय होत नाही. मांडववाल्याचा सत्कार, जनरेटरवाल्याचा सत्कार, टॉवेल, टोपी, नारळ. कलाकारांना फेटे. एका गावात निवेदकानं पुकारलं, "बेस गिटारवादक, यांनी मंचावर यावं." मी तर मंचावरच होते. कार्यकर्ते फेटा घेऊन आले, माझ्याकडं बघितलं, बाईला फेटा कसा बांधायचा म्हणून घोटाळले, इकडंतिकडं बघितलं आणि खाली उतरून आमच्या साउंडवाल्याला बांधला. तोही असा, की बांधून घेतला! नारळ बगलेत धरून त्यानं लोकांना नमस्कारसुद्धा केला.

मी कार्यक्रम संपल्यावर त्याला असा झापला की गाडीत कुणी तोंड उघडलं नाही. दिंद्रुडचा पोरगा, शांत, मिक्सरवर बसून बसून मान थोडी तिरकी झालेला. त्यानं नारळ माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, "मला वाटलं, नको म्हनलो तर त्येंचा अपमान व्हईल. तुमचा व्हतोय हे ध्यानातच आलं न्हाई." इतकं सरळ उत्तर मला त्याआधी कुणा पुरुषानं दिलं नव्हतं. पुढल्या वर्षी आमचं लग्न झालं. फेट्याचा विषय आजही निघतो, आणि काढणारी मीच असते.

मग मुलगी झाली. बाळंतपण, दुखणी, तिचं दूध, असं करत मी दीड वर्ष घरी बसले. तेवढ्यात ऑर्केस्ट्राला माझ्याशिवाय चालायची सवय लागली. मामाच्या जागी आलेला कीबोर्डवाला नवीन होता, हुशार, डाव्या हातानं खालचे सूर दाबायचा. एका माणसात दोघांचं काम, गाडीत एक जागा मोकळी. मी मालकाला फोन केला, की मी आता येऊ शकते.

"बाई, तुमचं वाजवनं मला पसंत हाय," तो म्हणाला, "पर आता तिथं डावा हात हाय. आष्टीकडं एक लग्न हाय, तिथं या. एक डाव बगतो. गरज वाटली तर ऱ्हावा, न्हाई तर मला बोल लावू नका."

दहा वर्षांनंतर ‘एक डाव बघतो’. मी फोन ठेवला आणि नवऱ्यावर ओरडले, त्याची काही चूक नसताना. मला भीती वाटली होती, ते कबूल करते. दुसरा ऑर्केस्ट्रा शोधता आला असता, पण तिथंही कुठलातरी डावा हात बसलेला असणारच. त्या लग्नात माझी खुर्ची राहिली नसती तर जिल्ह्यातली बेस गिटार, निदान माझ्यापुरती, पुन्हा खुंटीला गेली असती.

लग्न मोठ्या घरचं. नवरीचे वडील जमीनदार, तालुक्याच्या राजकारणातले. मांडव एवढा की शेवटच्या खुर्चीवरचा माणूस ओळखू यायचा नाही. मुहूर्त साडेबाराचा होता, पण आशीर्वादाला येणारे पुढारी वाटेत होते, त्यामुळे निवेदक आलेल्यांचं स्वागत करत होता आणि न आलेल्यांची वाट बघत होता, दोन्ही एकाच आवाजात. आम्ही मधल्या वेळात गाणी वाजवत होतो. मी नीट वाजवलं, नेहमीसारखं. पण कीबोर्डवाल्याचा डावा हात सवयीनं खाली जायचा आणि आमचे दोघांचे सूर एकमेकांच्या पायात यायचे. मालक खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होता आणि त्याचा चेहरा काही चांगला नव्हता.

दोन वाजता अंतरपाट धरला. मालक मंचाजवळ येऊन मला म्हणाला, "मंगलाष्टकाला बेस लागत न्हाई. तुमी हात बांधून बसा." मी बसले. आमच्या मिक्सरवाल्यानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, माझा आवाज बंद केला.

मंगलाष्टकं कशी होतात ते ज्यानं त्यानं अनुभवलंय. दोन भटजींची, एक आमच्या गायकाची, आणि मग पाहुण्यांची रांग. कुणी मास्तर, कुणी आत्येभाऊ, हातात मोबाइल, त्यात स्वतः रचलेलं कडवं, त्यात सगळ्या भावकीची नावं. प्रत्येकाची पट्टी वेगळी, आणि प्रत्येकजण आधीच्यापेक्षा वर जायला बघणार. कीबोर्डवाला पट्टी बदलायचं बटण दाबून दाबून त्यांना गाठत होता. खरं सांगते, छान गाठत होता. मला हेवा वाटला.

शेवटची ओळ म्हणून भटजींनी ताशेवाल्याकडं बघितलं, तेवढ्यात अंतरपाटाआडून नवरीचा आवाज आला. "आत्याचं ऱ्हायलंय."

मांडवाच्या पुढच्या भागात कुजबुज झाली. खांबाला टेकून एक बाई उभ्या होत्या, पन्नाशीच्या, कपाळ मोकळं, साधं फिकट लुगडं. नवरीची आई लहानपणीच गेलेली आणि ह्या विधवा आत्यानं तिला वाढवलेलं, हे आम्हाला सकाळीच स्वयंपाकाच्या बायकांकडून कळलं होतं. एक म्हातारी चांगली ऐकू जाईल अशी म्हणाली, "शुभकार्यात तिला कशाला पुढं करता?" नवरीचे वडील खाली बघत राहिले.

"आत्यानं म्हनल्याबिगर मी माळ घालनार न्हाई," नवरी म्हणाली.

माइक आत्यांच्या हातात गेला. त्या आमच्या मंचाच्या फळ्यांवर येऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद होता, तो त्यांनी उघडलाच नाही. सुरुवात केली ती अगदी खालून, पुटपुटल्यासारखी. त्या पोरीला अंघोळ घालताना, वेणी घालताना जशी गात असतील, तशी. कीबोर्डवाल्यानं पांढरी सहा लावली. ती खाली पडली. काळी पाच लावली, ती वर गेली. आत्यांचा सूर त्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत होता, आणि पेटीच्या फटीत काहीच नसतं. त्यानं दोन्ही हात उचलून घेतले. योग्यच केलं.

मग एवढ्या मोठ्या मांडवात तो एकटा आवाज उरला आणि तो आवाज घाबरला. दुसऱ्या ओळीला थरथरला, तिसरीकडं जाताना तुटायला आला. मागं पोरं हसली. कुणीतरी उगाच मोठ्यानं ‘सावधान’ म्हणून ओरडलं, की संपवा. चार अक्षता आधीच उडाल्या. त्या म्हातारीनं तोंड फिरवलं.

माझा हात तारेवर गेला. मालकानं ते बघितलं आणि बोट ओठांवर ठेवलं. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. त्याचं ऐकलं नाही आणि चुकले, तर गेलं. नाही चुकले तरी ऐकलं नाही म्हणून जाईल. पण त्या बाईंना तिथं तसं एकटं सोडून मी हात बांधून बसणं, हे मला जमणारं नव्हतं. मला त्या पोरांचा राग आला होता, त्या म्हातारीचा आला होता, आणि रागात मी काय करते ते वर सांगितलंच आहे.

मी नवऱ्याकडं बघितलं. त्यानं मालकाकडं बघितलंच नाही. माझा आवाज हळूच वर केला.

जाड तारेवर पाचव्या पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या पाचव्या घरात, पांढरी सहा सापडते. मी ती दाबली आणि बोटानं तार जरा वर ओढली. ओढली की सूर चढतो, केसभर, हवा तेवढाच. आत्या जिथं होत्या तिथं मी गेले आणि थांबले. एकच सूर, लांब. पुढच्या ओळीला त्या थोड्या उतरल्या, मी तार तेवढीच सैल केली. पुन्हा एकच सूर. काही सजावट नाही, काही हुशारी नाही. कडव्यात त्यांनी लेकीचं नाव घेतलं तिथं त्या थांबल्या, श्वास घेतला, आणि मी तो सूर त्यांच्यासाठी धरून ठेवला, किती वेळ ते ठाऊक नाही, बोट भाजल्यासारखं झालं तोवर. मग त्यांचा आवाज आला तो भरून आला. शेवटच्या ओळीला त्यांनी डोळे उघडले आणि समोर त्या म्हातारीकडं बघत, सावकाश, शुभमंगल सावधान म्हटलं.

मांडव अक्षतांनी पांढरा झाला. नवरीनं माळ घातली. ताशे सुरू झाले आणि मला कुणी बघितलंसुद्धा नाही, जसं असायला हवं तसं.

पंगती चालू असताना मी तारा पुसत होते. आत्या मंचाच्या पायरीशी आल्या. आम्हा सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं, ढोलकीवाल्याकडं, कीबोर्डवाल्याकडं, गायकाकडं.

"मी म्हनत व्हते तवा फळीखालून काय तरी आलं," त्या म्हणाल्या. "कानाला न्हाई आलं. पायाला आलं. माजे पाय लई कापत व्हते, ते ठरले. कोन व्हतं ते?"

पंधरा वर्षांत दुसऱ्या कुणी असं विचारलेलं नाही. निर्मात्यांनी नाही, संगीतकारांनी नाही, आमच्या मामानंही नाही. कीबोर्डवाल्यानंच माझ्याकडं बोट दाखवलं. आत्यांनी वर येऊन माझा हात हातात घेतला, बोटांचे घट्टे चाचपून बघितले आणि म्हणाल्या, "जेवलीस का बाई?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतः ताट आणून दिलं. मी जेवता जेवता रडले. बुंदी खारट लागली, पण सगळी संपवली.

मालक माझ्याशी एक शब्द बोलला नाही. सामान भरताना नाही, हिशेबाला बसताना नाही. मी मनाशी म्हटलं, गेलं. गेलं तर गेलं, बरोबर कारणासाठी गेलं. गिटार पेटीत ठेवली, पट्टा आवळला, आणि मुलीला घ्यायला मामीकडं आजच जावं की उद्या, ह्याचा विचार करत गाडीजवळ उभी राहिले.

मालक कीबोर्डवाल्यापाशी गेला. मला ऐकू जाईल एवढा आवाज त्याला ठेवावाच लागत नाही, त्याचा तो तसाच असतो.

"परवापासनं डावा हात खाली नेऊ नगंस बे," तो म्हणाला. "तिथं बाई हायत."